फेरारीच्या वेगाचे पैसे कोणी मोजले?

२०१६च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये एक जुनी लाल फेरारी लिलावात निघाली. मॉडेल ३३५ एस, बांधणी १९५७ची. बोली तीन कोटी युरोंच्या वर गेली. याच मॉडेलच्या दुसऱ्या एका गाडीने १२ मे १९५७ रोजी उत्तर इटलीतल्या गुइदित्सोलो गावाजवळ रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या नऊ माणसांचा जीव घेतला होता. त्यांतली पाच लहान मुलं होती. मोटारींच्या नादी लागलेल्या कोणालाही पहिला आकडा विचारा, तोंडपाठ असतो. दुसरा बहुतेकांना शोधावा लागतो.

फेरारीचा इतिहास आपल्यापर्यंत पोचतो तो एका हट्टी म्हाताऱ्याची गाथा म्हणून. काळा चष्मा, तुटक बोलणं, आजारपणात गेलेला तरुण मुलगा, लाल गाड्या आणि मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा. गाथा खोटी नाही. बारा सिलिंडरचं ते इंजिन चढत्या आवाजात गायला लागलं की माझ्याही अंगावर काटा येतो. पण त्या आवाजात एक कोता, वाण्याच्या दुकानातला प्रश्न विचारायचा राहून जातो: याचे पैसे कोण देत होतं? तो प्रश्न धरून हा इतिहास वाचला तर मला असं दिसतं की, राजीखुशीने पैसे मोजणाऱ्यांनी खर्च उचलला तोवर ही हौस कितीही अफाट असली तरी इतरांनी कुरकुर करायचं कारण नव्हतं. तो खर्च न विचारता दुसऱ्यांच्या गळ्यात पडला, कधी सरकारी तिजोरीच्या, कधी रस्त्याकडेला उभ्या असलेल्यांच्या, तिथे गौरव करण्यासारखं काही नव्हतं. आपल्याकडची सरकारं शहरातल्या रस्त्यांवर मोटारशर्यती भरवायला निघालेली असताना हा हिशेब तपासून घेणं बरं.

एन्झो फेरारीचा जन्म १८९८चा, मोदेनाचा. वडिलांचा धातुकामाचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धानंतर तो आल्फा रोमिओसाठी शर्यतींत गाड्या चालवू लागला आणि १९२९ साली त्याने ‘स्कुदेरिया फेरारी’ हा संघ काढला. संघाकडे स्वतःची गाडी नव्हती. आल्फाच्या गाड्या घ्यायच्या, त्या दुरुस्त ठेवायच्या, श्रीमंत हौशी चालकांना शर्यतीत उतरवायचं, असा तो धंदा. बोधचिन्हसुद्धा उसनंच: तो घोडा पहिल्या महायुद्धात मारला गेलेला वैमानिक फ्रान्चेस्को बाराका याच्या विमानावरचा. त्याच्या आईने तो गाडीवर लावायला सुचवलं, असं एन्झो सांगत असे. मागचा पिवळा रंग मोदेना शहराचा.

१९३३ साली मंदीत बुडालेली आल्फा रोमिओ इटलीच्या सरकारी महामंडळाकडे गेली. कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतलं आणि काही महिने कुरकुर केल्यावर आपल्या उत्तम गाड्या एन्झोच्या संघाला दिल्या. म्हणजे तिशीच्या दशकात फेरारीचा घोडा ज्या गाड्यांवर मिरवत होता त्या सरकारी मालकीच्या कारखान्यातल्या होत्या. १९३५ साली जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवर ताझियो नुव्होलारीने जुनाट आल्फा घेऊन मर्सिडीझ आणि ऑटो युनियनच्या ताकदवान गाड्यांना हरवलं, ती शर्यत आजही डोळ्यांत पाणी आणून सांगितली जाते. नुव्होलारी थोरच होता. पण जर्मन संघांच्या मागे हिटलरच्या सरकारचा पैसा होता आणि आल्फाच्या मागे मुसोलिनीच्या सरकारचा. दोन हुकूमशहांना जाहिरात हवी होती आणि बिल दोन्हीकडच्या करदात्यांच्या नावावर होतं.

१९३९ साली एन्झोचं आल्फाशी फाटलं. चार वर्षं स्वतःच्या नावाने शर्यतीत उतरायचं नाही, अशी अट पडली. युद्धाच्या काळात त्याने यंत्रहत्यारं बनवली, कारखाना मोदेनाहून जवळच्या मारानेल्लोत हलवला, १९४४ साली त्यावर बॉम्ब पडले, पुन्हा उभा केला. १२ मार्च १९४७ रोजी पहिली फेरारी, १२५ एस, कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली. दीड लिटरचं इंजिन आणि त्यात बारा सिलिंडर, हे जोआकिनो कोलंबो या अभियंत्याचं डोकं. मे महिन्यात पिआचेन्झाला पहिल्या शर्यतीत पुढे असताना इंधनपंपाने दगा दिला. त्याच महिन्यात रोमला गाडी जिंकली.

इथून पुढची काही वर्षं मला या सगळ्या कहाणीत सर्वांत प्रामाणिक वाटतात. इतर कंपन्या गाड्या विकल्या जाव्यात म्हणून शर्यतीत उतरायच्या. एन्झो शर्यतीत उतरता यावं म्हणून गाड्या विकायचा. गिऱ्हाइकांबद्दल त्याला फारसा आदर नव्हता आणि तो त्याने लपवलाही नाही. गिऱ्हाइकं म्हणजे उद्योगपती, सरदार घराण्यातले लोक, सिनेमातली माणसं. लुइजी किनेत्तीने १९४९ साली फेरारीतून ले मॉं ही फ्रान्समधली २४ तासांची शर्यत जिंकली आणि पुढे अमेरिकेत या गाड्यांची बाजारपेठ उभी केली. हौसेला मोल नाही म्हणतात, पण या हौसेला रोख मोल होतं आणि ते हौस असणाराच मोजत होता. त्या पैशांवर अल्बर्टो आस्कारीने १९५२ आणि १९५३चं विश्वविजेतेपद आणलं. यात कोणाचं काय गेलं?

गेलं ते रस्त्यावर. ‘मिल्ले मिलिया’ ही शर्यत १९२७ साली सुरू झाली. ब्रेशा शहरातून निघायचं, रोमपर्यंत जायचं आणि परत ब्रेशाला यायचं, सुमारे १६०० किलोमीटर. ट्रॅक वगैरे काही नाही, नेहमीच्या वापरातले सार्वजनिक रस्ते. चर्चसमोरून, बाजारातून, घरांच्या दारांवरून गाड्या जायच्या आणि त्यांच्यामध्ये व माणसांमध्ये फार तर गवताचे भारे. १९५५ साली स्टर्लिंग मॉसने मर्सिडीझमधून हे अंतर ताशी १५७ किलोमीटरच्या सरासरीने कापलं. सरासरी एवढी म्हणजे सरळ रस्त्यावर वेग किती असेल, याचा अंदाज करावा.

धोका ठाऊक नव्हता असं म्हणायची सोय नाही. १९३८ साली बोलोन्यात एक गाडी गर्दीत घुसली होती. दहा माणसं मेली, त्यांत सात मुलं. खुद्द मुसोलिनीच्या सरकारने शर्यत बंद केली होती. १९४० साली ती बंदिस्त, आखूड मार्गावर झाली आणि युद्ध संपल्यावर १९४७ साली पुन्हा पहिल्यासारखी गावोगावच्या रस्त्यांवर आली. एका हुकूमशहाला जे परवडलं नाही ते लोकशाही सरकारला दहा वर्षं परवडलं.

१९५७ साली फेरारीच्या एका गाडीत अल्फोन्सो दे पोर्तागो होता. स्पॅनिश उमराव, वय २८, शेजारी त्याचा अमेरिकन मित्र एडमंड नेल्सन. शेवटचा टप्पा, सरळ रस्ता, वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर, आणि टायर फुटला. गाडी उडाली, लोकांत घुसली, पुन्हा रस्त्यापलीकडे फेकली गेली. दोघे स्वार आणि नऊ प्रेक्षक, अकरा माणसं गेली. त्याच दिवशी ब्रेशाला पहिल्या तीनही क्रमांकांवर फेरारीच्या गाड्या आल्या. पिएरो तारुफी जिंकला.

प्रेक्षक स्वतःहून उभे होते, असं कोणी म्हणेल. मोठ्यांबद्दल एक वेळ ते मान्य करू. पण शर्यत बघायला मुलं कुठे परगावी गेली नव्हती, शर्यत त्यांच्या गावाच्या रस्त्यावर आली होती. त्यांनी तिकीट काढलं नव्हतं, आणि काढलं असतं तरी त्यावर लिहिलेला धोका वाचण्याचं त्यांचं वय नव्हतं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तसा हा प्रकार. फक्त इथे जीव हा शब्द अक्षरशः घ्यायचा.

एन्झो फेरारीवर सदोष मनुष्यवधाचा खटला भरला गेला. तो चार वर्षं चालला आणि १९६१ साली एन्झो निर्दोष सुटला. मला तो निकाल चुकीचा वाटत नाही. टायर फुटणं ही शर्यतीतली नेहमीची गोष्ट. ती आधीच ठाऊक असताना दोन्ही बाजूंना पोरंबाळं उभी असलेला रस्ता कोणी दिला, हा खरा प्रश्न होता, आणि रस्ता देणारं सरकार त्या पिंजऱ्यात नव्हतं. अपघातानंतर सरकारने असल्या रस्त्यावरच्या शर्यती थांबवल्या. आज त्याच नावाने जुन्या गाड्यांची मिरवणूकवजा स्पर्धा निघते, वेळ पाळण्याची, वेगाची नव्हे.

चालकांची गोष्ट वेगळी, असं मी स्वतःला समजावत आलो आहे, आणि ते सोपं जात नाही. फेरारीच्या चालकांपैकी कास्तेलोत्ती १९५७च्या मार्चमध्ये मोदेनाच्या ट्रॅकवर मेला, मुस्सो १९५८च्या जुलैत फ्रान्समधल्या रॅंसला, कॉलिन्स पुढच्याच महिन्यात न्युर्बुर्गरिंगवर. मुस्सोनंतर व्हॅटिकनच्या मुखपत्राने एन्झोला स्वतःचीच मुलं खाणाऱ्या सॅटर्न देवाची उपमा दिली. ही सगळी सज्ञान माणसं, करार करून आलेली. पण एन्झो संघात एकाला दुसऱ्यावर घालायचा, पहिला क्रमांक कोणाचा हे मुद्दाम ठरवायचा नाही, आणि पंचविशीतला पोरगा अशा वेळी ब्रेकवर पाय उशिरा ठेवतो. तरीही नाही म्हणून चालतं व्हायचा रस्ता त्यांना मोकळा होता. गुइदित्सोलोच्या मुलांना नव्हता.

बंदिस्त ट्रॅक म्हणजे सगळा प्रश्न सुटला, असंही नाही. १९६१च्या सप्टेंबरमध्ये मोंझाला फॉन ट्रिप्सची फेरारी प्रेक्षकांच्या कुंपणावर आदळली. तो गेला आणि पंधरा प्रेक्षक गेले. पण ट्रॅकला मालक असतो, कुंपण असतं, कुंपण कुठे बांधायचं याचा जाब विचारता येतो, आणि पुढच्या वर्षांत तो विचारला गेला म्हणून आजचे ट्रॅक तेव्हापेक्षा कितीतरी सुरक्षित आहेत. जॅकी स्ट्युअर्टसारख्या चालकांनी त्यासाठी भांडणं केली, शिव्या खाल्ल्या. गावच्या रस्त्याला असा मालक नसतो.

या सगळ्यावर एक ठरलेलं उत्तर येतं: शर्यतींमुळे तंत्रज्ञान पुढे जातं आणि शेवटी ते तुमच्या-आमच्या गाडीत उतरतं. काही प्रमाणात ते खरं आहे. फेरारीच्या बाबतीत मात्र हा दाखला फार जपून द्यावा लागेल. डिस्क ब्रेक लावून जॅग्वारने १९५३ साली ले मॉं जिंकली; एन्झो त्यानंतर कित्येक वर्षं ड्रम ब्रेकला चिकटून राहिला. इंजिन मागे असलेल्या कूपरच्या चिमुकल्या गाड्यांनी १९५९ आणि १९६० अशी दोन विजेतेपदं नेली, तरी त्याचं म्हणणं बैल गाडीच्या पुढे जुंपतात. १९६१ साली फेरारीनेही इंजिन मागे नेलं आणि फिल हिल विश्वविजेता झाला, तेव्हा तो वाद संपला. मॅक्लारेनने कार्बन फायबरचा सांगाडा १९८१ साली आणला, फेरारीने १९८३ साली. मध्ये १९८२ साली फेरारीचा चालक जील व्हिलन्यूव्ह बेल्जियममधल्या झोल्डरला अपघातात मेला होता. आणि रस्त्यावर लाखो जीव वाचवणारा तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिनने १९५९ साली दिला. तो विमानांच्या कामातून आलेला अभियंता. व्होल्वोने तो सगळ्या कंपन्यांना वापरू दिला. तंत्रज्ञानाच्या नावाने सार्वजनिक खर्चाचं समर्थन करायचं असेल तर रांगेत पुढे उभं राहायचा मान त्यांचा.

पुढे खर्चच एवढा वाढला की श्रीमंत गिऱ्हाइकं पुरेनाशी झाली. १९६३ साली फोर्ड कंपनी फेरारी विकत घ्यायला आली होती. शर्यतींवरचा ताबा सुटतोय असं दिसताच एन्झोने सौदा मोडला, आणि चिडलेल्या फोर्डने १९६६ साली ले मॉंला पहिल्या तीन जागा घेतल्या. १९६९ साली फियाटने निम्मी कंपनी घेतली. शर्यतींचा लगाम मात्र एन्झोच्याच हातात राहिला. मुंबईकरांना फियाट म्हटलं की कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी आणि काळी-पिवळी टॅक्सी आठवते. ती आणि फेरारी एकाच घरात नांदल्या, हे मला अजूनही गमतीचं वाटतं. फियाटला इटलीच्या सरकारने वेळोवेळी हात दिला होता, त्यामुळे हा पैसा अगदी खासगी होता असं छातीठोक म्हणवत नाही. तरी तो रस्त्यावरून जाणाऱ्याच्या खिशातून थेट काढलेला नव्हता.

तंबाखूच्या पैशांबद्दल मी इतका उदार नाही. १९९७पासून संघाच्या नावातच मार्लबोरो होतं. शूमाकरची २००० ते २००४ अशी सलग पाच विजेतेपदं त्या पैशांवर उभी होती. युरोपात सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आल्यावर गाडीवर नाव गेलं आणि बारकोडसारख्या पट्ट्या आल्या. त्याही कोणाचे डोळे फसवेनात, तेव्हा २०१० साली काढाव्या लागल्या. देणारा राजी, घेणारा राजी, पण रविवारी दुपारी टीव्हीपुढे बसलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना या सौद्यात कोणी विचारलं नव्हतं. गुइदित्सोलोएवढं उघड नसेल, जात तीच.

आता हिशेब चोख आहे. २०१५ साली न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात फेरारीचा शेअर ५२ डॉलरला विकला गेला, ‘रेस’ या नावाने. २०२४ साली कंपनीने १३,७५२ गाड्या दिल्या आणि दीड अब्ज युरोंच्या वर नफा कमावला. इटलीचा हा राष्ट्रीय अभिमान कायद्याने नेदरलँड्समध्ये नोंदलेली कंपनी आहे, पण तो इटालियनांनी सोसायचा विनोद.

आपल्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा ठसठशीतपणे आला तो सचिन तेंडुलकरमुळे. २००२ साली त्याने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, आणि फियाटच्या वतीने शूमाकरने त्याला फेरारी ३६० मोदेना भेट दिली. गाडी भारतात आणायची तर सुमारे १ कोटी १३ लाख रुपये आयातशुल्क होतं. केंद्राने ते माफ करायचं ठरवलं आणि देशभर गदारोळ झाला, दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. शेवटी शुल्क फियाटने भरलं. सचिनवर जीव टाकणाऱ्या मराठी माणसालाही तेव्हा त्या माफीचं समर्थन करताना अडखळायला होत होतं. भेट देणाऱ्या कंपनीला त्यातून जाहिरात मिळणार होती, तर कर तिनेच भरावा, हे इतकं सरळ होतं की त्याला कोर्टाची पायरी चढावी लागली याचंच नवल.

तो धडा सरकारांच्या लक्षात राहिलेला दिसत नाही. नोएडाजवळ बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, आणि कराचं भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचून २०१७ साली फॉर्म्युला वनचे व्यावसायिक हक्क असलेल्या परदेशी कंपनीला भारतात कर लागू होतो असा निकाल आला. निदान ती जागा तरी खास बांधलेली होती. हैदराबादला २०२३ साली हुसेनसागरच्या काठावर विजेवरच्या गाड्यांची फॉर्म्युला ई झाली. पुढच्या वर्षीची रद्द झाली आणि सरकारी पैसे कसे दिले गेले याची चौकशी मागे लागली. चेन्नईत २०२४च्या ऑगस्टअखेर आयलंड ग्राउंड्सच्या भोवतीच्या रस्त्यांवर रात्रीची शर्यत झाली, आणि खर्च सरकारने का करायचा हा वाद आधीच उच्च न्यायालयात जाऊन आला होता. शहराचं नाव जगात जातं, पर्यटन वाढतं, असं दर वेळी सांगितलं जातं. वाढत असेल. शर्यतीच्या आधी तसं सांगणारा मंत्री शर्यतीनंतर वर्षभराने त्याचा जमाखर्च मांडायला उभा राहिलेला मात्र मी पाहिलेला नाही.

गंमत अशी की यावर उतारा फेरारीनेच दाखवून दिलेला आहे. १९७२ साली एन्झोने मारानेल्लोच्या कारखान्यालगत फिओरानोचा स्वतःचा ट्रॅक बांधला. गाड्या पळवायच्या त्या स्वतःच्या जमिनीवर. १९८८ साली कंपनीने फ्लॉरेन्सजवळचं मुजेल्लो सर्किट घेतलं. मुजेल्लोची शर्यतसुद्धा पूर्वी डोंगरातल्या सार्वजनिक रस्त्यांवर व्हायची. १९७० साली सराव करणारी एक गाडी माणसांत घुसून तान्हं मूल दगावलं आणि रस्त्यावरची शर्यत संपली. मग ट्रॅक बांधला गेला. २०२० साली फेरारीने आपली हजारावी फॉर्म्युला वन शर्यत तिथेच केली.

चेन्नईला तर एवढंही करायची गरज नव्हती. शहरापासून तासाभराच्या अंतरावर इरुंगट्टुकोट्टईला मोटारशर्यतींचा ट्रॅक १९९०पासून आहे. कोइम्बतूरला करी मोटर स्पीडवे आहे, आणि बुद्ध सर्किट वर्षातले बरेच दिवस रिकामं पडून असतं. शर्यत तिथे भरवा, तिकीट लावा, कर भरा, विमा उतरवा. मी रांगेत उभा राहून तिकीट काढीन. मरीन ड्राइव्हवर किंवा पुण्यातल्या एखाद्या रस्त्यावर शर्यत भरवायचा प्रस्ताव उद्या कोणी आणला, तर पत्रकार परिषदेत पहिला प्रश्न गाडीच्या वेगाबद्दल न विचारता करारातल्या खर्चाच्या कलमाबद्दल विचारा.